स्विचचे सिस्टिम लॉग मेसेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिस्को कॅटॅलिस्ट स्विच सांभाळणाऱ्यांकडून जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं आयओएस आणि आयओएस-एक्सई (या स्विचवर चालणारी सिस्कोची सॉफ्टवेअर) डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. स्विचवर त्या अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या. आयपी पत्ते नमुन्याचे आहेत, तसेच्या तसे उचलू नका.

१. मी काहीच सेट केलेलं नाही. तरी स्विच लॉग लिहितो का?

लिहितो. नवा कोरा कॅटॅलिस्ट कन्सोलवर (थेट केबल लावून स्विच बघायचा पोर्ट) सगळे मेसेज फेकत असतो आणि त्यांची एक प्रत रॅममधल्या बफरमध्ये ठेवतो. `शो लॉगिंग` दिलं की वरच्या भागात सेटिंग आणि खाली साठलेले मेसेज दिसतात. मात्र जुन्या मॉडेलवर हा बफर फक्त ४०९६ बाइटचा असतो. एक मेसेज साधारण शंभर अक्षरांचा धरला तर जेमतेम चाळीस ओळी. सकाळी ऑफिस सुरू होऊन पाचपन्नास पीसी चालू झाले की रात्री काय घडलं त्याचा मागमूस उरत नाही. शिवाय स्विच रीबूट झाला की बफर रिकामा. बाहेरच्या सर्व्हरवर तर तुम्ही सांगेपर्यंत काहीच जात नाही.

२. मेसेजची ओळ वाचायची कशी? टक्क्याचं चिन्ह कशासाठी?

ही ओळ घ्या:

`०००१४७: जून १२ १०:४२:१८.३०६ आयएसटी: %लिंक-३-अपडाऊन: इंटरफेस गिगाबिटइथरनेट१/०/५, चेंज्ड स्टेट टू डाऊन`

सुरुवातीचा १४७ हा अनुक्रमांक. तो `सर्व्हिस सिक्वेन्स-नंबर्स` दिल्यावरच येतो. मग तारीख-वेळ. टक्क्यापासून खरा मेसेज सुरू होतो आणि त्याचे तीन तुकडे डॅशने जोडलेले असतात: मेसेज कुठल्या भागातून आला (लिंक), किती गंभीर (३) आणि मेसेजचं छोटं नाव (अपडाऊन). कोलननंतर सविस्तर मजकूर.

इंटरनेटवर शोधताना फक्त `%लिंक-३-अपडाऊन` एवढाच भाग टाका. पोर्ट नंबरसकट अख्खी ओळ टाकली की काही सापडत नाही.

अनुक्रमांक जरूर चालू करा. सर्व्हरवर १४७ नंतर थेट १५३ दिसला, तर मधले मेसेज गाळले गेले आहेत हे लगेच कळतं. ते वाटेत हरवले की तुमच्याच पातळीच्या गाळणीत अडकले, ते बफरशी ताडून पाहायचं.

३. ० ते ७ या पातळ्यांत मोठा आकडा म्हणजे जास्त गंभीर ना?

उलट. ० म्हणजे इमर्जन्सी, स्विच वापरण्याजोगाच नाही. १ अलर्ट, २ क्रिटिकल, ३ एरर, ४ वॉर्निंग, ५ नोटिफिकेशन, ६ इन्फर्मेशनल, ७ डीबगिंग. पातळी ठरवली की ती आणि तिच्याहून लहान आकड्याचे सगळे मेसेज येतात. `लॉगिंग ट्रॅप वॉर्निंग्ज` दिलं तर ० ते ४ येणार, ५ ते ७ गळणार.

इथेच बहुतेकांचा घात होतो. "फक्त महत्त्वाचंच हवं" म्हणून सर्व्हरची पातळी ४ वर आणली जाते. आता बघा काय होतं. एखाद्या कारकुनाने संध्याकाळी पीसी बंद केला तर निघणारा `%लिंक-३-अपडाऊन` हा ३ नंबरचा, म्हणजे कागदोपत्री एरर. तो येतच राहतो. आणि कोणी रात्री अकरा वाजता कॉन्फिगरेशन बदलल्याचं सांगणारा `%सिस-५-कॉन्फिग_आय` पाचव्या पातळीचा, तो मात्र गळतो. हे आकडे स्विचचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने दिलेले असतात, तुमच्या गरजेप्रमाणे नव्हे. म्हणून सर्व्हरसाठी पातळी ६ ठेवा आणि गोंगाट जिथे होतो तिथेच बंद करा. ते कसं, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

४. माझ्या लॉगमध्ये १ मार्च ही तारीख दिसते आणि आधी एक फुली (*) आहे. हे काय?

स्विचला आजची तारीख माहीत नाही. अनेक कॅटॅलिस्ट मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, त्यामुळे चालू झाल्यावर ती १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतात. वेळेआधीची फुली सांगते की ही वेळ भरवशाची नाही. फुलीऐवजी नुसता टिंब दिसला तर घड्याळ आधी जुळलेलं होतं, पण आता एनटीपी सर्व्हरशी (नेटवर्कवरून वेळ देणाऱ्या सर्व्हरशी) संबंध तुटला आहे. दोन्ही चिन्हं नसतील तर वेळ बरोबर.

काही स्विचवर तारखेऐवजी `००:०३:१२` असं काहीतरी दिसतं. ती घड्याळाची वेळ नव्हे, स्विच चालू होऊन किती वेळ झाला ते आहे. दोन्हींवर उपाय तोच:

`एनटीपी सर्व्हर १०.१.१.२`
`क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०`
`सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स लॉग डेटटाइम एमसेक लोकलटाइम शो-टाइमझोन`

टाइमझोनमध्ये ५ आणि ३० मध्ये जागा सोडायची, ५.३० नाही. `लोकलटाइम` विसरलात तर टाइमझोन लावूनही लॉगमध्ये यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ छापली जाते आणि साडेपाच तासांचा घोळ होतो. दुपारी दोनची घटना सकाळी साडेआठला दिसते, आणि सीसीटीव्हीच्या फुटेजशी ताडून पाहणारा माणूस चक्रावतो.

सर्व्हर लावण्याआधी घड्याळ लावा. बिनतारखेचे दहा हजार मेसेज सर्व्हरवर साठवून काहीही हाती लागत नाही. परदेशातही स्विच असतील तर सगळीकडे यूटीसी ठेवणं जास्त सोयीचं. पण मग सगळीकडे तेच, अर्धं अर्धं नको.

५. कन्सोल, मॉनिटर, बफर, सर्व्हर. कुणाला कोणती पातळी द्यावी?

चारही ठिकाणांची पातळी वेगवेगळी ठेवता येते आणि ठेवावीच. माझी शिफारस अशी: `लॉगिंग कन्सोल क्रिटिकल`, `लॉगिंग बफर्ड ६४००० डीबगिंग`, `लॉगिंग ट्रॅप इन्फर्मेशनल`. मॉनिटर, म्हणजे दुरून स्विचवर येण्याची एसएसएच किंवा टेलनेटची खिडकी, आहे तसा राहू दे.

कन्सोलवर एवढा हात आखडता का, तर तो फार मंद असतो. ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला सुमारे ९६० अक्षरं. शंभर अक्षरांच्या मेसेजला एक दशांश सेकंद लागतो. नेटवर्कमध्ये लूप (पॅकेट गोल गोल फिरत राहण्याचा बिघाड) झाला आणि क्षणात हजार मेसेज निघाले, तर नुसते छापायलाच दीड-पावणेदोन मिनिटं, आणि नेमक्या त्याच वेळी सीपीयूला दुसरी कामं असतात. केबल कोणी लावलेली नसली तरी स्विच छापत राहतोच. डीबग चालवायचं असेल तर आधी `नो लॉगिंग कन्सोल` द्या, मग डीबग.

६. एसएसएचने आत आलो, पण पोर्ट काढला तरी स्क्रीनवर काहीच येत नाही.

`टर्मिनल मॉनिटर` द्या. ही कमांड त्या सेशनपुरतीच असते. बाहेर पडून परत आलात की पुन्हा द्यायची. थांबवायला `टर्मिनल नो मॉनिटर`. नुसतं `नो टर्मिनल मॉनिटर` देऊन चिडलेली बरीच मंडळी आहेत.

७. कमांड टाइप करताना मध्येच मेसेज घुसतो आणि ओळ तुटते.

`लाइन कन्सोल ०` आणि `लाइन व्हीटीवाय ० १५` मध्ये जाऊन `लॉगिंग सिंक्रोनस`. मेसेज तरीही येतो, पण तुमची अर्धवट ओळ खाली नव्याने छापून मिळते.

८. बफर किती मोठा ठेवू? रॅम भरपूर आहे.

६४,००० बाइट ते एक लाख रोजच्या वापराला पुरतात. मोठ्या स्विचवर दहा लाख ठेवले तरी बिघडत नाही, पण ते वाचणार कोण? आयओएस २ अब्जांपर्यंतचा आकडा विनातक्रार स्वीकारतं, आणि ती मेमरी इतर कामांच्या वाट्यातून जाते. आधी `शो मेमरी` बघून मोकळी जागा किती ते पाहा. आणखी एक: बफरचा आकार बदलला की त्यातले मेसेज पुसले जाऊ शकतात. बिघाडाचा तपास चालू असताना आकार बदलायला जाऊ नका; आधी `शो लॉगिंग`ची प्रत काढून ठेवा.

९. सर्व्हरवर मेसेज पाठवायला कमीत कमी काय लागतं?

`लॉगिंग होस्ट १०.१.१.५`
`लॉगिंग ट्रॅप इन्फर्मेशनल`
`लॉगिंग सोर्स-इंटरफेस व्हीलॅन १०`
`लॉगिंग ओरिजिन-आयडी होस्टनेम`

पहिली ओळच काम करते; जुन्या आवृत्त्यांत `होस्ट` शब्दाशिवाय लिहितात. तिसरी ओळ मेसेज कायम एकाच आयपीवरून निघतील याची हमी देते. ज्या स्विचवर अनेक व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगळी आभासी नेटवर्क) इंटरफेस आहेत तिथे ती नसेल, तर रूट बदलला की सर्व्हरला तोच स्विच नवा कोणीतरी वाटतो. चौथी ओळ लागते कारण आयओएस आपणहून मेसेजमध्ये स्विचचं नाव घालत नाही.

चाचणीसाठी केबल उपटायची गरज नाही. `सेंड लॉग ५ चाचणी` द्या (चाचणीचा शब्द इंग्रजी अक्षरांत). आकडा मात्र विसरू नका. नुसतं `सेंड लॉग` दिलं तर मेसेज ७ व्या पातळीचा निघतो, सर्व्हरची पातळी ६ असल्याने स्विचवरच गळतो, आणि तुम्ही फायरवॉल तपासत बसता.

१०. सगळं केलं, पण सर्व्हरवर एक ओळ येत नाही. कुठून सुरुवात करू?

स्विचपासून. `शो लॉगिंग`मध्ये तुमच्या सर्व्हरच्या ओळीपुढे किती मेसेज पाठवले त्याचा आकडा असतो. चाचणी मेसेज टाका आणि तो आकडा वाढतो का ते बघा.

वाढत नसेल तर चूक स्विचवर: पातळी (प्रश्न ३) किंवा लॉगिंगच बंद (प्रश्न २०).

आकडा वाढतोय, तर स्विचने आपल्या बाजूने मेसेज सोडला. मेसेज एरवी यूडीपीवरून जातात आणि यूडीपीमध्ये पोच मिळत नाही, त्यामुळे पुढे काय झालं हे स्विचला कळायचा मार्ग नाही. आता वाट तपासा. सर्व्हर दुसऱ्या सबनेटमध्ये असेल तर स्विचला गेटवे लागतो. नुसत्या लेयर-टू (राउटिंग न करणाऱ्या) स्विचला `आयपी डीफॉल्ट-गेटवे` पुरतं. पण `आयपी राउटिंग` चालू असेल तर ती ओळ निव्वळ शोभेची, तिथे डीफॉल्ट रूटच द्यावा लागतो. कॅटॅलिस्ट ९००० मालिकेत मागच्या मॅनेजमेंट पोर्टवरून पाठवत असाल तर तो पोर्ट वेगळ्या व्हीआरएफमध्ये (स्वतंत्र राउटिंग टेबलमध्ये) असतो. `लॉगिंग होस्ट १०.१.१.५ व्हीआरएफ एमजीएमटी-व्हीआरएफ` असं लिहावं लागतं. त्या नावातला पहिला एम कॅपिटल, बाकी अक्षरं लहान. इथे लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो.

वाट ठीक असेल तर लिनक्स सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावून यूडीपी ५१४ पोर्ट ऐका. पॅकेट दिसलं तर त्याच्या तोंडाशी टोकदार कंसात १८९ सारखा आकडा असतो. तो असा बनतो: फॅसिलिटीचा (मेसेज कोणत्या गटातला ते सांगणारी खूण) क्रमांक गुणिले ८, अधिक पातळी. सिस्कोची ठरलेली फॅसिलिटी लोकल७, तिचा क्रमांक २३. २३ गुणिले ८ म्हणजे १८४, अधिक ५, झाले १८९. तुम्हाला १८७ दिसला तर तो ३ व्या पातळीचा मेसेज. हे गणित एकदा जमलं की नुसत्या पॅकेटवरून पातळी ओळखता येते.

पॅकेट येतंय पण फाइलमध्ये नाही? मग आरसिसलॉगचं (सर्व्हरवर मेसेज घेऊन फाइलमध्ये लिहिणारा प्रोग्राम) यूडीपी मॉड्यूल बंद आहे किंवा सर्व्हरची फायरवॉल अडवते आहे. टीसीपीडंपला पॅकेट फायरवॉलच्या आधीच दिसतं, म्हणून "दिसतंय म्हणजे पोचलं" असं धरू नका.

रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर आणखी एक गंमत आहे. तिथे आरसिसलॉगच्या मूळ फाइलमध्ये लोकल७ चे सगळे मेसेज बूट.लॉग या फाइलमध्येही लिहायला सांगितलेलं असतं. त्यामुळे स्विचचे मेसेज मेसेजेस फाइलसोबत बूट.लॉगमध्येही साठत राहतात. स्विचवर `लॉगिंग फॅसिलिटी लोकल६` करा, नाहीतर सर्व्हरवर आयपीप्रमाणे वेगळी फाइल लावा. आयपीप्रमाणे लावणं उत्तम, कारण सिस्कोच्या मेसेजची मांडणी प्रमाणित नसल्याने आरसिसलॉग कधीकधी अनुक्रमांकालाच यजमानाचं नाव समजतो. त्यासाठी आरसिसलॉगकडे पीएम-सिस्को-आयओएस नावाचं खास मॉड्यूलही आहे.

११. यूडीपीत मेसेज हरवतात म्हणता, मग पोच घेणारं टीसीपीच का वापरू नये?

वापरता येतं: `लॉगिंग होस्ट १०.१.१.५ ट्रान्सपोर्ट टीसीपी पोर्ट ५१४`. पोर्ट नाही दिला तर आयओएस ६०१ धरतं, आणि सर्व्हर ५१४ वर ऐकत असतो. म्हणून पोर्ट लिहाच. नव्या आयओएस-एक्सईमध्ये टीएलएसही (मेसेज सांकेतिक करून पाठवणं) आहे, त्याचा प्रमाण पोर्ट ६५१४. मेसेज ऑफिसच्या बाहेर, इंटरनेटवरून जाणार असतील तर टीएलएस किंवा व्हीपीएन हवंच. साधा सिसलॉग (सर्व्हरवर मेसेज पाठवायची हीच पद्धत) उघड्या मजकुरात जातो आणि कोणीही दुसऱ्याच्या नावाने बनावट मेसेज पाठवू शकतो.

आतल्या मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये मी यूडीपीच ठेवतो. दोन सर्व्हर द्या, अनुक्रमांक चालू ठेवा, पुरे. आणि ही स्विचची सवय सिस्कोच्या एएसए फायरवॉलवर नेऊ नका: तिथे टीसीपी सिसलॉग लावला आणि सर्व्हर पडला, तर `लॉगिंग परमिट-होस्टडाऊन` दिलेलं नसल्यास फायरवॉल नवी कनेक्शन अडवते.

१२. पोर्ट अप-डाऊनच्या मेसेजनी लॉग भरून जातो. काय करावं?

पीसी लागलेल्या पोर्टवर ते मेसेज नकोच आहेत. त्या पोर्टवर:

`इंटरफेस रेंज गिगाबिटइथरनेट१/०/१ - ४४`
`नो लॉगिंग इव्हेंट लिंक-स्टेटस`

अपलिंक (पुढच्या स्विचकडे जाणारा पोर्ट), सर्व्हर, अॅक्सेस पॉइंट आणि कॅमेऱ्यांचे पोर्ट यातून वगळा. कॅमेरा कधी बंद पडला हा प्रश्न आज ना उद्या विचारला जातोच, आणि उत्तर त्या ओळीतच असतं.

पोर्टप्रमाणे जमत नसेल तर `लॉगिंग डिस्क्रिमिनेटर` वापरून ठरावीक नावाचे मेसेज गाळता येतात, आणि ते फक्त सर्व्हरसाठी किंवा फक्त बफरसाठी लावता येतं. पण त्यात अपडाऊन हे नाव गाळलंत तर अपलिंकचाही अपडाऊन गेला. म्हणून आधी पोर्टवरचा उपाय, तो पुरला नाही तरच हा.

१३. `मॅकफ्लॅप_नोटिफ` सारखा येतोय. लूप आहे का?

असेलच असं नाही. मेसेज एवढंच सांगतो की एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) दोन पोर्टवर आळीपाळीने दिसतो आहे:

`%एसडब्ल्यू_मॅटम-४-मॅकफ्लॅप_नोटिफ: होस्ट ००११.२२३३.४४५५ इन व्हीलॅन २० इज फ्लॅपिंग बिटवीन पोर्ट जीआय१/०/३ अँड पोर्ट जीआय१/०/२४`

आता तीन गोष्टी बघा: किती मॅक, कोणते पोर्ट, किती वेगाने. अनेक मॅक, त्याच दोन पोर्टांमध्ये, सेकंदासेकंदाला, आणि सोबत सीपीयू वर चढलेला: हा लूप. एक पोर्ट अपलिंक असेल आणि दुसरा एखाद्या टेबलाकडे जाणारा, तर त्या टेबलाखाली कोणीतरी छोटा स्विच ठेवून त्याची दोन टोकं भिंतीतल्या दोन सॉकेटमध्ये खोचलेली असण्याची शक्यता दाट. त्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड (पलीकडे स्विच असल्याची खूण मिळताच पोर्ट बंद करणारी सोय) असेल तर मॅकफ्लॅपऐवजी `%स्पॅनट्री-२-ब्लॉक_बीपीडीयूगार्ड` आणि `%पीएम-४-एरर_डिसेबल` ही जोडी दिसते, पोर्ट बंद पडतो आणि बाकीचं नेटवर्क वाचतं.

एखाद-दुसराच मॅक, दोन्ही पोर्ट अॅक्सेस पॉइंटचे, आणि दिवसभरात अधूनमधून: फोन हातात घेऊन माणूस एका मजल्यावरून दुसऱ्यावर चालला आहे. ज्या वायफायमध्ये अॅक्सेस पॉइंट ट्रॅफिक थेट स्थानिक स्विचवर सोडतात, तिथे हे साहजिक आहे. आभासी मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवली तरी मॅक पोर्ट बदलतो. आणि एकाच सर्व्हरचे दोन पोर्ट सतत दिसत असतील, तर त्याच्या नेटवर्क कार्डांची जोडणी स्विचच्या पोर्ट-चॅनेलशी जुळत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन लावा.

काही मॉडेलवर हा मेसेज आपणहून येत नाही. `मॅक अॅड्रेस-टेबल नोटिफिकेशन मॅक-मूव्ह` द्यावं लागतं.

१४. कॉन्फिगरेशन कोणी बदललं, आणि नेमकं काय बदललं, हे लॉगमधून कळेल का?

कोणी, ते `%सिस-५-कॉन्फिग_आय` सांगतो. काय, ते सांगत नाही. शिवाय त्यातल्या "कॉन्फिगर्ड फ्रॉम कन्सोल बाय..." या शब्दांवरून कोणीतरी केबल लावून बसलं होतं असा निष्कर्ष काढू नका, एसएसएचने आलेल्यासाठीही तेच शब्द येतात, पुढे व्हीटीवाय आणि आयपी पत्ता असतो तो बघा.

प्रत्येक कमांड हवी असेल तर:

`आर्काइव्ह`
`लॉग कॉन्फिग`
`लॉगिंग इनेबल`
`हाइडकीज`
`नोटिफाय सिसलॉग`

मग प्रत्येक ओळीमागे `%पार्सर-५-सीएफजीलॉग_लॉग्डसीएमडी` येतो. सगळे एकाच अॅडमिन नावाने लॉगिन करत असतील तर मात्र या सगळ्याला अर्थ नाही. प्रत्येकाला वेगळं नाव द्या.

१५. एसीएलला (कोणती पॅकेट जाऊ द्यायची, कोणती अडवायची त्या यादीला) `लॉग` शब्द लावला, पण मेसेज येतच नाहीत. किंवा एकदाच येतो.

एकदाच येणं बरोबर आहे. पहिल्या पॅकेटला लगेच मेसेज आणि त्यानंतर पाच-पाच मिनिटांनी बेरीज. अजिबात येत नसेल तर: हे मेसेज ६ व्या पातळीचे असतात, सर्व्हरची पातळी ५ किंवा ४ असेल तर गळतात. दुसरं, एसीएलच्या शेवटी जो न लिहिलेला डिनाय असतो त्याचा लॉग होत नाही. `डिनाय आयपी एनी एनी लॉग` असं स्वतः लिहावं लागतं. तिसरं, थेट लेयर-टू पोर्टवर लावलेल्या एसीएलसाठी बऱ्याच कॅटॅलिस्टवर लॉगिंग चालत नाही, ते व्हीलॅन इंटरफेसवरच्या एसीएलला चालतं. लॉगसाठीची पॅकेट सीपीयूकडे जातात, तेव्हा परमिटच्या ओळीवर `लॉग` लावण्याआधी दोनदा विचार करा.

१६. स्टॅकमधल्या (एकत्र जोडून एकच म्हणून चालणाऱ्या स्विचमधल्या) तिसऱ्या स्विचचा लॉग बघायला त्यालाच कन्सोल लावायची का?

नाही. सदस्य स्विच आपले मेसेज मुख्य स्विचकडे देतात आणि नावापुढे आपला क्रमांक जोडतात, म्हणजे `मजला२-३` असं काहीतरी. पण बफर मुख्य स्विचच्या रॅममध्ये असतो. तोच बंद पडला आणि दुसरा मुख्य झाला, तर आधीचा लॉग त्याच्याबरोबर गेला. स्टॅकला बाहेरचा सर्व्हर म्हणूनच जास्त गरजेचा.

१७. रात्री लाइट गेली आणि स्विच पुन्हा चालू झाला. आधी काय घडलं ते कसं काढू?

बफर गेला. सर्व्हर असेल तर तिथे बघा, पण सर्व्हरही त्याच यूपीएसवर असेल तर शेवटची मिनिटं मिळणार नाहीत. तशीही अपलिंक पडल्यानंतरचे यूडीपी मेसेज वाटेतच मरतात. नेमका त्याच पोर्टच्या पडण्याचा मेसेज सर्व्हरवर नसतो, तो पलीकडच्या स्विचच्या लॉगमध्ये शोधा.

स्विचवर तीन गोष्टी उरतात. `शो व्हर्जन`मध्ये रीबूटचं कारण असतं. `पॉवर-ऑन` म्हणजे वीज गेली होती, स्विच आपण होऊन पडला नाही. `शो लॉगिंग ऑनबोर्ड` हार्डवेअरच्या स्वतंत्र नोंदी दाखवतं, म्हणजे तापमान, व्होल्टेज, किती वेळा चालू-बंद झाला. कमांडचं शेपूट मॉडेलप्रमाणे बदलतं, प्रश्नचिन्ह देऊन बघा. आणि `लॉगिंग फाइल फ्लॅश:` वापरून मेसेज आधीपासून फ्लॅशवर लिहीत असाल तर ती फाइल. फ्लॅशवर मात्र पातळी ४ किंवा त्याहून खालच्याच आकड्यांचं लिहा. सतत लिहिण्यासाठी ती बनवलेली नाही.

१८. `लॉगिंग ट्रॅप` म्हणजे एसएनएमपी ट्रॅप का?

नाही, नाव फसवं आहे. ही सिसलॉग सर्व्हरची पातळी. मेसेज एसएनएमपीने (उपकरणांवर नजर ठेवायची वेगळी पद्धत) पाठवायचे असतील तर `एसएनएमपी-सर्व्हर इनेबल ट्रॅप्स सिसलॉग` वेगळं, आणि त्याची पातळी `लॉगिंग हिस्टरी`ने ठरते.

१९. लॉग किती दिवस ठेवायचे? काही नियम आहे का?

भारतात आहे. सर्ट-इनने (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या सर्व माहिती-तंत्रज्ञान यंत्रणांचे लॉग चालू ठेवायचे आणि मागच्या १८० दिवसांचे जपायचे. सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची. घड्याळ एनआयसी (राष्ट्रीय माहिती-विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी लावायचं. म्हणजे प्रश्न ४ मधला एनटीपीचा मुद्दा तुमच्या सोयीपुरता उरत नाही. प्रत्येक स्विचला थेट इंटरनेटवर सोडू नका. आतला एक सर्व्हर एनआयसीशी जुळवा आणि स्विच त्याच्याशी.

जागेचा हिशेब सोपा आहे. दिवसाला दहा हजार मेसेज, प्रत्येकी दीडशे बाइट, म्हणजे दीड एमबी. १८० दिवसांचे २७० एमबी, दाबून ठेवले तर त्याहून बरेच कमी. शंभर स्विच असले तरी एका साध्या हार्ड डिस्कवर मावतात.

२०. लॉगचा त्रास नको म्हणून `नो लॉगिंग ऑन` दिलं. स्विच आणखी मंद वाटतोय. असं होऊ शकतं?

होऊ शकतं. `नो लॉगिंग ऑन` मेसेज बंद करत नाही, मेसेज वाटणारी प्रक्रिया बंद करते. मग फक्त कन्सोल उरतो, आणि मेसेज काढणाऱ्या प्रत्येक कामाला तो कन्सोलवर छापून होईपर्यंत थांबावं लागतं. त्या ९६०० बॉडच्या रांगेत सगळे उभे. `लॉगिंग ऑन` परत द्या आणि `नो लॉगिंग कन्सोल` करा. तुम्हाला बहुधा तेच हवं होतं.

२१. लॉगमध्ये पासवर्ड दिसला! हे कसं?

दोन वाटा आहेत. एक, प्रश्न १४ मधलं कमांड-लॉगिंग चालू आहे पण `हाइडकीज` राहिलं. दुसरी जास्त नेहमीची: `लॉगिन ऑन-फेल्युअर लॉग` चालू असताना कोणीतरी घाईत युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करून एंटर मारला. स्विचच्या दृष्टीने ते एक चुकीचं नाव, म्हणून बऱ्याच आवृत्त्यांवर `%एसईसी_लॉगिन-४-लॉगिन_फेल्ड`मध्ये युजर म्हणून तो जसाच्या तसा छापला जातो, आणि पुढच्याच ओळीत त्याच आयपीवरून खऱ्या नावाने यशस्वी लॉगिन. दोन ओळी शेजारी ठेवल्या की नाव आणि पासवर्ड दोन्ही हातात. तो पासवर्ड त्याच दिवशी बदला. सर्व्हरवरची ओळ पुसण्यात वेळ घालवू नका, बॅकअपमध्ये ती गेलेलीच असते. आणि लॉगच्या फोल्डरचे वाचण्याचे अधिकार कोणाकोणाला आहेत ते लगेच तपासा. बऱ्याच ठिकाणी ते सगळ्यांनाच असतात.